होम स्क्रीन कशी लावायची: फोनचीच ठेवू, वेगळा लाँचर घेऊ की आयफोनकडे जाऊ?

सोलापुरात नवी पेठेतल्या मोबाइलच्या दुकानात गेलात की कॅमेरा दाखवतात, चार्जिंगचा वेग सांगतात, ईएमआयचा हिशेब तर न विचारता मांडतात. होम स्क्रीनबद्दल मात्र अवाक्षर नाही. खरं तर दिवसातून सगळ्यात जास्त वेळा आपण तीच बघतो. त्यामुळे फोन घरी आल्यावर प्रश्न पडतो: कंपनीने दिलेली मांडणीच सुधारून घ्यायची, प्ले स्टोअरवरून नोव्हा, नायगारासारखा लाँचर (म्हणजे होम स्क्रीन आणि तिची मांडणी सांभाळणारं ॲप) टाकायचा, की पुढचा फोन आयफोनच घ्यायचा?

माझं मत आधीच सांगतो. दहातल्या आठ जणांना वेगळ्या लाँचरची गरज नसते. फोनच्या सेटिंगमध्ये काय काय आहे हे त्यांनी उघडून पाहिलेलं नसतं, एवढंच. आणि निवड करताना फोन छान किती दिसेल यापेक्षा तो कुणाच्या हातात आणि कुठे वापरला जाणार, हे बघावं.

फोनचीच होम स्क्रीन

रिकाम्या जागी बोट दाबून धरलं की वॉलपेपर, विजेट आणि सेटिंग समोर येतात. तिथे बहुतेक फोनवर ग्रिड बदलता येतं, म्हणजे एका ओळीत चार आयकॉन ठेवायचे की पाच. सगळी ॲप्स होम स्क्रीनवरच पसरायची की वर सरकवल्यावर उघडणाऱ्या ड्रॉवरमध्ये ठेवायची, हेही ठरवता येतं. माझं म्हणाल तर ड्रॉवरच बरा. नाहीतर कधीतरी टाकलेला गेम, रिचार्जचं ॲप आणि बँकेचं ॲप एकाच पंगतीला बसतात.

पण या सगळ्यात कामाची गोष्ट वेगळीच आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. अँड्रॉइडवर ॲपच्या आयकॉनवर बोट दाबून धरलं की छोटी यादी उघडते. यूपीआयच्या बऱ्याच ॲप्समध्ये त्यात क्यूआर स्कॅन करण्याचा पर्याय असतो. ती ओळ तशीच ओढून होम स्क्रीनवर सोडली की तिचा स्वतंत्र आयकॉन होतो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर एका हातात पोराचं मनगट आणि दुसऱ्या हातात फोन असतो, तेव्हा याची किंमत कळते. ॲप उघडा, जाहिरात बंद करा, मग स्कॅन शोधा, ही कसरतच उरत नाही. तो आयकॉन उजव्या अंगठ्याच्या टप्प्यात, खालच्या कोपऱ्यात ठेवा. वरच्या कोपऱ्यात ठेवलात तर फोन हातात सावरावा लागतो आणि गर्दीत तिथेच तो निसटतो.

सॅमसंगवाल्यांना आणखी एक सोय आहे. कंपनीचंच गुड लॉक नावाचं ॲप घेतलं आणि त्यातलं होम अप टाकलं की फोल्डर, ग्रिड वगैरे बरंच काही हवं तसं करता येतं. बाहेरच्या लाँचरचे धोके न पत्करता त्याची बरीचशी मजा मिळते.

वेगळा लाँचर

इथे दोन तऱ्हा आहेत. नोव्हा आणि लॉनचेअर हे नेहमीच्याच आयकॉनच्या मांडणीला बारीकसारीक बदलांची मुभा देतात. नायगारा ती मांडणीच मोडतो: निवडक ॲप्सची उभी यादी आणि बाजूला अक्षरांची पट्टी, अंगठा फिरवला की त्या अक्षराची ॲप्स समोर. एका हाताने फोन चालवणाऱ्याला नायगारा पटकन आवडतो. ज्याला आयकॉनच्या रंगावरून ॲप ओळखायची सवय आहे, तो मात्र वैतागतो.

लाँचर घ्यायला मला एकच कारण खरोखर पटतं, आणि ते सोलापुरात जास्त लागू आहे. ॲपचं नाव बदलण्याचं. आपल्याकडे पूर्वभागातल्या कितीतरी घरांत आजी तेलुगू बोलते, नातू मराठी शाळेत जातो आणि फोन इंग्रजीत असतो. फोनची स्वतःची होम स्क्रीन बहुधा आयकॉनखालचं नाव बदलू देत नाही. नोव्हात आयकॉन दाबून धरून ‘एडिट’ केलं की तिथे हवं ते लिहिता येतं. व्हॉट्सॲपखाली तेलुगूत ‘फोटो आणि गप्पा’, गॅस बुकिंगच्या ॲपखाली नुसतं ‘गॅस’. कंपनीचं इंग्रजी नाव वाचता न येणाऱ्या माणसासाठी यापेक्षा मोठी सोय नाही.

आता तोटे. अँड्रॉइड 9 पासून अलीकडे उघडलेल्या ॲप्सचा पडदा फोनच्या मूळ लाँचरशी जोडलेला असतो. म्हणून वेगळा लाँचर लावून बोट सरकवण्याचे जेश्चर वापरले की बऱ्याच फोनवर पडदा झटका खातो, कधी क्षणभर रिकामा दिसतो. शाओमीची मियुआय ही प्रणाली असलेल्या कित्येक फोनवर तर बाहेरचा लाँचर लावला की जेश्चर बंदच होतात, खालची तीन बटणं परत येतात. ज्याला बटणंच आवडतात त्याला फरक पडत नाही. मला पडतो.

दुसरा मुद्दा पैशांच्या सुरक्षिततेचा. दोनदा टिचकी मारून स्क्रीन बंद करण्यासारख्या सोयींसाठी लाँचर ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागतो. ही परवानगी म्हणजे स्क्रीनवर काय चाललंय ते वाचण्याची मुभा, आणि फसवणुकीची ॲप्सही हीच मागतात. त्यामुळे काही बँकांची ॲप्स ती चालू दिसली की अडून बसतात. टिचकीची हौस नसेल तर देऊच नका, लाँचर तिच्यावाचून चालतो. आणि कुणी व्हॉट्सॲपवर लाँचरची एपीके फाइल (प्ले स्टोअरला वळसा घालून ॲप टाकायची फाइल) पाठवली, तर हात जोडून डिलीट करा.

तिसरा मुद्दा म्हणजे लाँचरच्या मागे उभं कोण आहे. नोव्हा वर्षानुवर्षं सगळ्यांचा लाडका होता. 2022 मध्ये ब्रांच नावाच्या कंपनीने तो विकत घेतला, 2024 मध्ये त्यावर काम करणाऱ्या बहुतेकांना नारळ मिळाला आणि 2025 मध्ये मूळ विकसकही बाहेर पडला. आज चालतो म्हणून उद्याही अपडेट येत राहतील, असं धरून चालू नका. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी नायगारा सुचवेन. त्यातही नावं बदलता येतात.

आयफोन

थोडक्यात सांगतो, कारण इथे निवडीला वाव कमी आहे. 2020 च्या आयओएस 14 ने होम स्क्रीनवर विजेट आणले. 2024 च्या आयओएस 18 पासून आयकॉनमध्ये मोकळी जागा सोडता येते, त्यांना एकच रंग देता येतो, मोठे करून खालची नावं घालवता येतात. पण ग्रिड बदलत नाही, लाँचर बदलत नाही, आणि स्कॅनचा पर्याय अँड्रॉइडसारखा ओढून बाहेर काढता येत नाही. त्यासाठी शॉर्टकट्स ॲपची वाट धरावी लागते. फक्त मांडणीच्या हौसेपोटी आयफोन घेणार असाल तर थांबा. इतर कारणांनी घेत असाल तर मांडणी अडणार नाही.

घरातल्या थोरांचा फोन

ॲपची नावं बदलायची गरज नसेल, तर इथे लाँचरच्या भानगडीत पडूच नये. सॅमसंगमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ‘ईझी मोड’ आहे, शाओमीत ‘लाइट मोड’. अक्षरं आणि आयकॉन मोठे होतात. सॅमसंगच्या ईझी मोडमध्ये ‘दाबून धरलं’ असं समजायला फोन जास्त वेळ घेतो, म्हणून थरथरत्या बोटाने आयकॉन चुकून उचलला जात नाही. आयफोनमध्ये आयओएस 17 पासून ‘असिस्टिव्ह ॲक्सेस’ आहे, तो याहून साधा, पण त्यात बरंच काही लपतं. व्हॉट्सॲपवर दिवस काढणाऱ्या आजोबांना तो जाचक वाटतो.

‘लॉक होम स्क्रीन लेआउट’ हा पर्याय सॅमसंग आणि शाओमी दोन्हीकडे मिळतो. तो आधी चालू करा. “अगं, माझं व्हॉट्सॲप गेलं बघ!” हा पुण्याला लावलेला फोन बहुतेक वेळा आयकॉन घसरून दुसऱ्या पानावर गेल्याचा असतो. व्हॉट्सॲपमध्ये लेकीचं चॅट उघडून तीन टिंबांतून शॉर्टकट काढून ठेवला, तर लेकीचा फोटोच होम स्क्रीनवर येतो. आईला नाव वाचावं लागत नाही, ॲपही शोधावं लागत नाही.

एप्रिल-मेच्या उन्हात दुचाकीवर फोन बघणाऱ्यांनी वॉलपेपर साधा, एकरंगी ठेवावा. हलता वॉलपेपर तर नकोच. तापलेला फोन स्क्रीनचा उजेड आपणहून कमी करतो, आणि मग देवाच्या सुंदर फोटोवरची पांढरी अक्षरं शोधत सात रस्त्याला सिग्नल सुटेपर्यंत डोळे बारीक करावे लागतात.

लाँचर घ्यायचाच असेल तर आधी सध्याच्या प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट काढा, मांडणी पुन्हा लावताना कामाला येतो. नाही पटला तर सेटिंग, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स, होम ॲप या वाटेने जुना निवडा, नाहीतर सरळ नवा अनइन्स्टॉल करा. फोन आपोआप स्वतःच्या लाँचरवर येतो आणि त्यातली मांडणी सोडली होती तशीच सापडते.