आई-बाबांच्या औषधांसाठी: वेगळा पार्ट डी की ॲडव्हांटेज प्लॅन?

आईचा औषधांचा डबा समोर घेऊन मेडिकेअरची, म्हणजे अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याची, साइट उघडली, तेव्हा पहिली अडचण नावांचीच आली. डब्यात पुण्याहून आणलेल्या थायरोनॉर्म, ग्लायकोमेट, टेल्मा. अमेरिकेतल्या साइटवर ही नावं चालत नाहीत. लेव्होथायरॉक्सिन, मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन अशी मूळ नावं, मिलिग्रॅम आणि महिन्याला किती गोळ्या लागतात, हे आधी कागदावर उतरवून घ्या. ही यादी हातात नसेल तर प्लॅनची तुलना करून काही उपयोग नाही.

वाटा दोन आहेत. थेट सरकारकडून मिळणारं मूळ मेडिकेअर ठेवून औषधांसाठी वेगळा विमा, म्हणजे पार्ट डी, घ्यायचा, किंवा डॉक्टर, हॉस्पिटल आणि औषधं एकत्र असलेला, खाजगी कंपनीचा ॲडव्हांटेज प्लॅन घ्यायचा. औषधांचे मूळ नियम दोन्हीकडे सारखेच: २०२६ मध्ये प्लॅनच्या यादीतल्या औषधांवर वर्षाला २,१०० डॉलरपेक्षा जास्त खिशातून जात नाहीत, आणि प्लॅनमधल्या इन्सुलिनला महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा आहे. फरक पडतो तो बाकीच्या गोष्टींत.

ॲडव्हांटेजचा हप्ता अनेकदा शून्य असतो. पार्ट बीचा, म्हणजे मेडिकेअरच्या डॉक्टरांच्या खर्चाच्या भागाचा, हप्ता मात्र तिथेही भरावा लागतो. डॉक्टर ठरावीक नेटवर्कमधले आणि नेटवर्क बहुधा त्या भागापुरतं. आई-बाबा चार महिने न्यू जर्सीत मुलीकडे, चार महिने टेक्ससमध्ये मुलाकडे राहत असतील तर हे फार जड जातं. मूळ मेडिकेअर घेणारा कुठल्याही राज्यातला डॉक्टर चालतो, म्हणून अशा घरांना मी वेगळा पार्ट डीच सुचवीन. त्यात हप्ते वाढतात. मेडिगॅप, म्हणजे मूळ मेडिकेअरनंतर आपल्यावर उरणारा खर्च उचलणारा खाजगी विमा, तोही घेतला तर आणखी वाढतात. पण मेडिगॅप पुढे कधीतरी बघू, असं म्हणू नका. पासष्टीनंतर पार्ट बी सुरू झाल्यापासूनचे सहा महिने संपले की बहुतेक राज्यांत कंपनी आजार बघून नकार देऊ शकते. बाबांना हृदयविकार असेल तर हाच मुद्दा सगळ्यात मोठा.

भारतात विकत घेतलेल्या औषधांचे पैसे दोन्हीकडे मिळत नाहीत.

साइटवर प्लॅन हप्त्यावरून निवडू नका. औषधांची यादी आणि जवळची फार्मसी भरा, मग हप्ता आणि औषधं मिळून वर्षाचा एकूण खर्च दिसतो. तोच आकडा बघायचा. फार्मसी एकापेक्षा जास्त टाकून पाहा. त्याच गोळीची किंमत दोन दुकानांत बरीच वेगळी निघते.

एक चूक महागात पडते. ॲडव्हांटेजचा एचएमओ किंवा पीपीओ (नेटवर्कवर चालणारे दोन नेहमीचे प्रकार) असताना वरून वेगळा पार्ट डी भरला, तर ॲडव्हांटेज आपोआप रद्द होतो. दोन्ही घेऊन जास्त सुरक्षित होऊ, असा विचार करून कुणी क्लिक करू नये.

सध्या गोळ्या लागत नाहीत म्हणून थांबणंही धोक्याचं. पात्र झाल्यावर दिलेली मुदत उलटून, औषधांचं दुसरं मान्य कव्हर नसताना सलग ६३ दिवस किंवा जास्त गेले, तर दर महिन्यामागे सरकारने देशभरासाठी ठरवलेल्या मूळ हप्त्याच्या १ टक्का दंड लागतो. २० महिने उशीर झाला तर २०२६ च्या ३८.९९ डॉलरच्या आधारे महिन्याला सुमारे ७.८० डॉलर, आणि पार्ट डी असेपर्यंत तो पाठ सोडत नाही. ग्रीन कार्डावर आलेल्या पालकांना पासष्टीनंतर, इथे सलग ५ वर्षं झाली की मेडिकेअर घेता येतं. त्यांचं घड्याळ तेव्हापासून सुरू होतं.

उत्पन्न कमी असेल तर सोशल सिक्युरिटीच्या साइटवर 'एक्स्ट्रा हेल्प'चा, म्हणजे औषधांच्या खर्चासाठीच्या सरकारी मदतीचा, अर्ज आधी करा. इंग्रजी अडत असेल तर एजंटकडे धावण्याआधी राज्याच्या 'शिप' (मेडिकेअरबद्दल सल्ला देणारी सरकारी योजना) समुपदेशकांना फोन करा. ते फुकट असतात आणि त्यांना कमिशन मिळत नाही.

दरवर्षीची बदलाची मुदत १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर, नवा प्लॅन १ जानेवारीपासून. शेवटच्या बटणानंतर येणारा पुष्टी क्रमांक उतरवून आईच्या फाइलमध्ये ठेवा.