तीन महिन्यांत दहावी

मी मालवणात रिक्षा चालवतो. आमच्या झिलाने नववीत शाळा सोडली आणि काकाबरोबर होडीवर जायला लागला. दोन वर्षांपूर्वी १ जूनला पावसाळ्यातली मासेमारीबंदी लागली, होड्या वर ओढल्या. घरी बसल्या बसल्या तोच म्हणाला, "बाबा, माका आयटीआय करूचा आसा." इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं, म्हणजे दहावी हवी.

कुडाळात पॅसेंजर सोडायला गेलो तेव्हा एका माडीवर 'मुक्त शाळा' अशी पाटी दिसली. सर भलताच गोड बोलणारा. वर्ष कशाला घालवता, तीन महिन्यांत मार्कलिस्ट हातात, म्हणाला. फी अठ्ठावीस हजार. पावती म्हणून साध्या कागदावर शिक्का मारून दिला. शाळा सोडल्याचा मूळ दाखलाही ठेवून घेतला, बोर्डात पाठवायला म्हणे. आणखी एक मूल आणलंत तर दोन हजार कमी करतो, असं वर सांगितलं. शेजारच्या वहिनींच्या मुलीला मीच घेऊन गेलो. त्यांनी काजूचे आलेले पैसे भरले. माझे दोन हजार वाचले.

परीक्षा त्याच माडीवर झाली. हॉलतिकीट नाही, सर उत्तरं सांगतोय आणि मुलं लिहितायत. झील घरी येऊन हसत सांगत होता. मीही हसलो, काय बोलणार!

मार्कलिस्टवर दिल्लीच्या कुठल्याशा मंडळाचं नाव, चकचकीत होलोग्राम, ७८ टक्के. आयटीआयच्या कागद तपासणीत मॅडमनी एक नजर टाकली आणि परत दिली. हे बोर्ड मान्यताप्राप्त यादीत नाही. कुडाळला गेलो तर माडीला कुलूप, फोन बंद.

जुन्या शाळेतल्या हेडसरांनी मग समजावलं. एनआयओएस ही केंद्र सरकारची खरी मुक्त शाळा, १९८९ पासूनची. वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं. प्रवेश तिच्याच वेबसाइटवर, अभ्यासकेंद्रांची यादीही तिथेच. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पास व्हायला पाच वर्षांत नऊ संधी. दुसरी वाट आपल्याच राज्य बोर्डाची, १७ नंबर फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा अर्ज. आपल्याकडे रत्नागिरीचं कोकण विभागीय मंडळ, पेपर शाळेतल्या मुलांचेच. दोन्हीकडे एजंट लागत नाही. आधी हेडसरांकडे गेलो असतो तर चहासुद्धा त्यांनीच पाजला असता.

१७ नंबरला मूळ दाखला हवा, आणि तो तर माडीवाल्याकडे. पोलिसांत तक्रार, प्रतिज्ञापत्र, मग शाळेतून दुय्यम प्रत. यात एक वर्ष गेलं. झील आता मार्चला बसतोय.

वहिनींची मुलगी काही पुन्हा बसली नाही. दोन हजार घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. दारातूनच म्हणाल्या, "ठेवा भावजी, तुमका लागतले."