ओर्विएतो की चिविता? दोन्ही खडकावरच, पण नशीब वेगळं

इटलीतली ही दोन्ही गावं रोमनांच्या आधीच्या एट्रुस्कन लोकांनी वसवलेली, दोन्ही ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या मऊ दगडावर, म्हणजे टफवर, आणि एकमेकांपासून फार लांबही नाहीत, तरी नशीब बघा किती वेगळं.

ओर्विएतो उंब्रिया प्रांतात. रोमनांनी इ.स.पू. 264 मध्ये ते पार उद्ध्वस्त केलं, पण मध्ययुगात गाव परत उभं राहिलं, 1290 ला कॅथेड्रलचं काम सुरू झालं. 1527 मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा पोप क्लेमेंट सातवा पळून इथेच आला आणि वेढा पडला तर पाणी कुठून आणायचं म्हणून त्याने पन्नासेक मीटर खोल विहीर खोदायला घेतली, तिला दोन गोल जिने, एकावरून खेचरं रिकामी उतरणार आणि दुसऱ्यावरून पाणी घेऊन चढणार, म्हणजे मध्ये ट्रॅफिक जॅमच नाही! (आपल्याकडे काही घाटरस्त्यांना हे जमलं असतं तर.)

चिविता दि बान्योरेज्जो लाझिओ प्रांतात. तिथे टफच्या खाली चिकणमाती, ती पावसापाण्याने वाहून जाते आणि वरचे कडे कोसळतात. 1695 च्या भूकंपानंतर बरेच लोक शेजारच्या बान्योरेज्जोत गेले, आता कायमचे राहणारे अगदी मोजके. जायला फक्त पायी पूल, तो 1965 चा, आणि वर तिकीट काढायचं.

फोटोसाठी चिविता, पण दिवसभर फिरायला मला ओर्विएतोच बरं वाटतं, स्टेशनवरून फ्युनिक्युलर (उतारावर दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे) थेट वर नेते.