डेबियन १३: दुकानातले सात महिने

अंबाजोगाईत माझं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक जुना लेझर प्रिंटर आणि नेट म्हणजे मोबाईलचा हॉटस्पॉट. कॉम्प्युटरवर आता डेबियन १३ आहे, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सचा एक प्रकार (डिस्ट्रो). त्याआधी वर्षभर एक रोलिंग डिस्ट्रो, म्हणजे सतत नव्या आवृत्त्या देणारा, वापरला. सगळं एकदम ताजं मिळायचं, पण प्रिंटरचा ड्रायव्हर मूळ रेपोत (डिस्ट्रोच्या अधिकृत सॉफ्टवेअर-साठ्यात) नव्हता. वापरकर्त्यांनी चालवलेल्या संग्रहातून घ्यावा लागे. तो सांभाळणाऱ्याने सोडून दिला आणि एका अपडेटनंतर तो बिल्ड (म्हणजे सोर्स कोडमधून तयार) होईना. नेमके परीक्षा फॉर्मचे दिवस, दारात पोरांची रांग. त्या दिवशी लई वाईट वाटलं.

मग आधी कागदावर यादी केली: रोज लागणारी अकरा सॉफ्टवेअर. रेपॉलॉजी या वेबसाइटवर एकेक नाव टाकून कुठल्या डिस्ट्रोत कुठली आवृत्ती आहे ते पाहिलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ६९ हजारांवर पॅकेजेस (बसवायला तयार सॉफ्टवेअर) आहेत, पण मला माझी अकरा महत्त्वाची. सगळी सापडली. प्रिंटरचा ड्रायव्हर कंपनीच डेब स्वरूपात (डेबियनच्या इन्स्टॉल फाइलच्या रूपात) देते. त्याला लागणारे ३२-बिटचे भागही रेपोतच मिळाले.

सगळ्यात जास्त कामाला आलं ते टेसरॅक्ट-ओसीआर-मार, म्हणजे स्कॅन केलेल्या पानावरचा मराठी मजकूर ओळखायला लागणारं पॅकेज. एक निवृत्त गुरुजी शाळेची जुनी छापील स्मरणिका घेऊन आले, "बाळा, एवढं टाइप करून दे." चाळीस पानं! पॅकेज काही एमबींचंच, लगेच उतरलं. पानं स्कॅन करून लावली. जोडाक्षरांत चुका निघाल्या, 'र्‍हस्व'सारखे शब्द हातानेच दुरुस्त केले, पण दोन दिवसांचं काम दुपारपर्यंत हातावेगळं झालं.

डेटा मोजून वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. डेबियनमध्ये सॉफ्टवेअर बसवायच्या दोन कमांड आहेत, एपीटी आणि एपीटी-गेट. एपीटीने इन्स्टॉल केलं तर उतरवलेल्या डेब फायली नंतर पुसल्या जातात, एपीटी-गेटने केलं तर /व्हार/कॅश/एपीटी/आर्काइव्ह्ज या फोल्डरमध्ये राहतात. मी त्या पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाकतो, दुसऱ्यांदा डाउनलोड नाही. फ्लॅटपॅक (कुठल्याही डिस्ट्रोवर अ‍ॅप बसवायची वेगळी पद्धत) चांगलं आहे, पण पहिल्याच अ‍ॅपबरोबर रनटाइमचे (अ‍ॅप चालायला लागणाऱ्या सामायिक भागांचे) शेकडो एमबी येतात. हॉटस्पॉटवर ते परवडत नाही.

अपडेट चालू असताना दोनदा लाईट गेली. परत चालू करून टर्मिनलमध्ये 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ही कमांड दिली, अर्धवट राहिलेलं पूर्ण झालं.

आवृत्त्या जुन्या होत जातात, हे खरं. लिब्रेऑफिस २५.२ वरच आहे, पुढची हवी असेल तर बॅकपोर्ट्स (याच डेबियनसाठी नव्या आवृत्त्या देणारा वेगळा रेपो) बघावं लागतं. मला अजून गरज पडली नाही.

लातूरला मेव्हण्याचं आडत दुकान आहे. त्यालाही डेबियन बसवून द्यायचं होतं, म्हणून आधी त्याची यादी मागवली. पहिलंच नाव टॅली, हिशेबाचं सॉफ्टवेअर. ते विंडोजसाठीच बनतं. त्याला सांगितलं, "दाजी, तुमचं आहे तेच राहू द्या."