5,000 कोरुना काढले, खात्यातून 24,749 रुपये गेले

प्रागच्या जुन्या गावातल्या चौकाजवळच्या एटीएममधून 5,000 कोरुना (चेक प्रजासत्ताकाचं चलन) काढले आणि इकडे बचत खात्यातून 24,749 रुपये 52 पैसे वजा झाले. त्या दिवशी कार्ड नेटवर्कचा (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) दर एका कोरुनाला 4.08 रुपये होता. म्हणजे हातात आलेल्या नोटांची किंमत 20,400. वरचे 4,349 रुपये 52 पैसे गेले कुठे? कार्डाची नक्कल झाली नाही, पिन कुणी चोरला नाही, ओटीपी मागणारा फोनही आला नाही. दिवसाढवळ्या, छापील पावती हातात ठेवून काढून घेतले.

हिशेब सुटा करून मांडते, कारण स्टेटमेंटमध्ये तो असा एका जागी कधीच दिसत नाही. अर्धे आकार चार दिवसांनी वेगळ्या ओळीत, कुणाला कळणार नाही अशा लघुरूपात येतात.

यंत्राच्या मालक कंपनीची वापर फी 125 कोरुना. मिळून 5,125. यंत्राने ते तिथेच स्वतःच्या दराने रुपयांत बदलून आकारले, दर 4.61, म्हणजे खऱ्या दराच्या वर 13 टक्के. झाले 23,626.25 रुपये. इथवरची लूट परदेशातली, पुढची घरची. आपल्या बँकेने या रकमेवर साडेतीन टक्के परकीय चलन मार्कअप (दरावर चढवलेला आकार) लावला: 826.92. मार्कअपवर 18 टक्के जीएसटी: 148.85. परदेशी एटीएम वापरल्याचे 125 आणि त्यावरही जीएसटी, म्हणून 147.50. आता बघा, रक्कम आधीच रुपयांत आकारली होती. चलन बदलण्याचं काम उरलंच नव्हतं. तरी मार्कअप! कारण म्हणे व्यवहार परदेशात झाला. काही बँका अशा रुपयांतल्या परदेशी व्यवहारावर एक टक्का घेतात, काही पूर्ण मार्कअप. निघण्याआधी आपल्या कार्डाच्या शुल्कपत्रकात हे शोधा; शेवटच्या पानावर, बारीक टाइपात असतं.

तेच कार्ड, तेच 5,000 कोरुना, पण बँकेच्या शाखेच्या भिंतीतलं, वापर फी न घेणारं यंत्र, आणि आकारणी कोरुनात. तर 20,400 अधिक 714 मार्कअप अधिक 128.52 जीएसटी अधिक 147.50, एकूण 21,390.02. हेही स्वस्त नाहीच, पण 3,359 रुपये 50 पैसे वाचले असते.

हे सगळं ठरतं ते एटीएमच्या एका पडद्यावर. तो पडदा डोळ्यांसमोरून जात नाही.

आधी भाषा. मग रकमा, आणि त्या सुरूच होतात मोठ्यापासून. 500 किंवा 1,000 हवे असतील तर 'इतर रक्कम' हे कोपऱ्यातलं बटण शोधावं लागतं. (प्रागमध्ये 5,000 रोख लागतच नाहीत. ट्रॅममध्येसुद्धा कार्ड टेकवून तिकीट निघतं.) मग वापर फीची सूचना. इथवर माणूस दोनदा 'पुढे' दाबून बसलेला असतो, हाताला सवय झालेली असते. आणि मग येतो तो पडदा: वर आपला रुपया, भलामोठा आकडा, 'हमी दर' अशी शेखी, हिरवं बटण 'रूपांतर स्वीकारा'. खाली करड्या रंगात, बटण आहे की नुसती ओळ असं वाटावं अशा अक्षरांत 'रूपांतराशिवाय पुढे जा'. काही यंत्रांवर त्या जागी 'डिक्लाइन' (नकार) एवढंच. ते दाबलं तर व्यवहारच रद्द होईल, कार्ड आत अडकेल, असं कुणालाही वाटेल. मागे रांग, पाठीवर सॅक, टूरची बस सुटायला आलेली. 4.61 हा आकडा समोर लिहिलेला होता, नाही असं नाही. पण शेजारी 4.08 कुठे लिहिला होता? तुलना करायला दुसरा आकडाच न देता संमती घ्यायची आणि मग 'तुम्हीच स्वीकारलंत' म्हणायचं, याला प्रामाणिक धंदा म्हणत नाहीत.

तर लक्षात ठेवा: 'डिक्लाइन' दाबल्याने पैसे अडकत नाहीत. नोटा येतात, फक्त आकारणी कोरुनात होते आणि दर कार्ड नेटवर्कचा लागतो. काही यंत्रं त्यानंतर 'नक्की का?' म्हणून पुन्हा विचारतात, तिथेही तेच दाबायचं. एखादं यंत्र ऐकतच नसेल तर कॅन्सल, कार्ड बाहेर, पुढच्या गल्लीत. रुपयाचं चिन्ह किंवा आयएनआर दिसलं की ते बटण आपलं नाही. युरोपात, दुबईत, बँकॉकमध्ये, सगळीकडे. थायलंडमध्ये तर परदेशी कार्डाला यंत्राची फी 220 बाहत किंवा त्याहून जास्त, मग कितीही काढा. तिथे थोडे थोडे काढणं हाच तोटा.

कुठल्याही बँकेचं नाव नसलेली, फक्त 'एटीएम' असं चमकणारी यंत्रं स्मारकांभोवती, विमानतळावर, किराणा दुकानांच्या दारात असतात. ती टाळा. चेस्का स्पोर्झिटेलना, चेएसओबी, कोमेर्चनी बांका अशा बँकांच्या शाखेत जा. रूपांतराचा प्रश्न तिथेही येऊ शकतो, उत्तर तेच. शिवाय शाखेच्या वेळात गेलात तर कार्ड अडकल्यास आत माणूस असतो.

आता दाद मागण्याची गंमत ऐका.

ग्राहक सेवा: "पिन टाकलात ना? मग व्यवहार अधिकृत आहे." हे वाक्य प्रत्येक पायरीवर, प्रत्येक माणसाच्या तोंडून. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक आहे, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तिसऱ्याच कुणीतरी केलेल्या फसव्या व्यवहाराची जबाबदारी ग्राहकावर नाही. पण ते अनधिकृत व्यवहारांना. इथे बटण आपल्याच बोटाने दाबलेलं, म्हणून परिपत्रक बाजूला. 2019 चं दुसरं परिपत्रक, एटीएममधून पैसे न येता खात्यातून गेले तर पाच दिवसांनंतर रोज 100 रुपये भरपाईचं. ते फक्त देशांतर्गत व्यवहारांना. परदेशात नोटा आल्या नाहीत तरी ते 100 रुपये मिळत नाहीत, हेही माहीत असू द्या.

शाखेत गेलं की शाखा म्हणते कार्ड विभाग, कार्ड विभाग म्हणतो ईमेल करा, ईमेलला यंत्राचं उत्तर येतं आणि तक्रार 'निकाली' निघते. यंत्राच्या मालकाला लिहिलं तर ते म्हणतात ग्राहकाने दर पाहून स्वीकारला. तिथल्या पोलिसांना यात गुन्हा दिसत नाही. मार्कअप परत करा म्हटलं तर ते धोरण आहे. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार आणि 30 दिवसांपर्यंतची वाट, मग रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर अर्ज, माहितीसाठी 14448 ला फोन. आणि एकात्मिक लोकपाल योजनेत बँकेचा 'व्यावसायिक निर्णय' हा तक्रारीचा विषय होत नाही, म्हणजे शुल्क किती लावावं यावर बोलणंच खुंटलं. शुल्क आधी नीट कळवलं नव्हतं, असं मांडलं तर निदान अर्ज दारातून परत येत नाही. ग्राहकाचे पैसे कापायला एक सेकंद, उत्तर द्यायला महिना. आणि त्या महिन्यात हीच बँक रोज एसएमएस पाठवते, सावध राहा, फसवणूक टाळा! या एसएमएसमध्ये एकदा तरी लिहा की परदेशात रुपयांत पैसे देऊ नका. नाही लिहिणार, कारण त्यांचा हिस्सा बुडत नाही, उलट फुगवलेल्या रकमेवर वाढतो.

एक वाट मात्र खरी आहे. पर्याय न देता रुपयांत आकारलं असेल तर व्हिसा कार्ड नेटवर्कच्या नियमांत 'चुकीचं चलन' असा वाद दाखल करता येतो, क्रमांक 12.3, मुदत 120 दिवस. बँकेच्या फॉर्मवर तो क्रमांक स्वतः लिहा, समोरच्या माणसाला तो माहीत असेल असं धरू नका. पावतीवर दोन्ही चलनं आणि दर छापलेला असतो. ती अक्षरं उष्णतेने उडतात, तिथेच फोटो काढा.

हा प्रकार दुकानात आणि हॉटेलातही होतो. वेटर यंत्र हातात देण्याआधीच रुपया निवडून मोकळा होतो. पावतीवर आयएनआर दिसलं की उठायचं नाही. व्यवहार तिथल्या तिथे रद्द करून कोरुनात पुन्हा करायला लावा. नंतर ईमेलवर ते होत नाही.

युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड प्रागमध्ये सुरक्षित, असं टूरवाले सांगतात. पण त्या कार्डावर सहसा कोरुना नसतो, म्हणून युरोतून कोरुना होताना बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत क्रॉस करन्सी शुल्क लागतं. बुडापेस्टच्या फोरिंटचंही तेच. शून्य मार्कअपचं डेबिट कार्ड मिळत असेल तर तेच न्या, आणि जाण्याआधी ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर, एटीएम आणि दुकान असे दोन्ही वेगवेगळे चालू करा. ऑक्टोबर 2020 पासून नव्या कार्डांवर ते मुळात बंदच असतात. क्रेडिट कार्डावर रोख काढू नका. साधारण अडीच टक्के, किमान 500 रुपये फी, आणि व्याज त्याच दिवसापासून, पन्नास दिवसांची सवलत नाही.

'0% कमिशन' पाटीचे चलन बदलणारे वेगळेच महाभाग. बाहेर मोठ्या अक्षरांत लावलेला दर अनेकदा ते युरो विकतात तेव्हाचा. आपण युरो देणार, म्हणून 'नाकुप' (त्यांची खरेदी) हा रकाना बघायचा. नोटा देण्याआधी "शंभर युरोचे हातात किती येणार" हे लिहून घ्या. आणि तरी गंडवलंच, तर चेक कायद्याने एप्रिल 2019 पासून 1,000 युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो, कारण न सांगता. पावती घेऊन त्याच खिडकीवर परत जायचं. एटीएमला मात्र हा तीन तासांचा नियम लागू नाही.