रेड-नी की पोसिलोथेरिया: पहिला टॅरँट्युला कोणता?

पाळण्यासाठी टॅरँट्युला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, शोधायला लागलात की ही दोन नावं हमखास समोर येतात. रेड-नी मेक्सिकोचा, पोसिलोथेरिया भारत-श्रीलंकेतला. दोघांत शब्दशः जमीन-अस्मानाचा फरक आहे: एक बिळात राहतो, दुसरा झाडाच्या ढोलीत. पहिल्यांदाच पाळणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे, रेड-नीच घ्या.

आधी ओळख पटवा, डब्यावरच्या चिठ्ठीवर विसंबू नका. 'ब्रॅकिपेल्मा स्मिथी' म्हणून वर्षानुवर्षं विकले गेलेले बरेच रेड-नी खरं तर 'ब्रॅकिपेल्मा हॅमोराय' आहेत, हे २०१७ च्या संशोधनानंतर स्पष्ट झालं. या दोघांची निगा सारखीच, म्हणून ती गल्लत चालून जाते. पोसिलोथेरियाच्या बाबतीत गल्लत महागात पडेल. रेड-नी काळाभोर, दणकट, गुडघ्यांवर केशरी. पोसिलोथेरिया चपटा, लांब पायांचा, अंगावर राखाडी-काळी नक्षी. अनेक जातींत पुढच्या पायांखाली पिवळे पट्टे दिसतात.

रेड-नीला डिवचलं की तो मागच्या पायांनी पोटावरचे केस झाडतो. कातडीला खाज सुटते, पण डोळ्यात गेले तर थेट डॉक्टरच गाठावा लागतो. पोटावर टक्कल दिसलं तर घाबरू नका, ते त्या झाडण्याचंच. पोसिलोथेरियाकडे हे केस नाहीत. झाकण उघडताच तो विजेसारखा पळतो, कोंडीत सापडला तर चावतो आणि त्या चाव्याने स्नायूंत जबर पेटके येतात. हातावर मात्र दोघांनाही घेऊ नका.

रेड-नीला खोल कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि ठेंगणी पेटी द्या. उंचावरून पडला तर पोट फुटून मरू शकतो, म्हणून कोकोपीटपासून झाकणापर्यंतची उंची त्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीवर नको. पोसिलोथेरियाला उभी पेटी आणि आत उभी ठेवलेली झाडाची साल. पाण्याची वाटी व खेळती हवा दोघांनाही हवी, तापवणारा दिवा कुणालाच नको. रेड-नीची मादी वीस वर्षांहून जास्त जगू शकते, नर बराच लवकर जातो. दोन्ही वंश वन्यजीव व्यापाराच्या 'साइट्स' कराराखाली येतात, तेव्हा बंदिवासात जन्मल्याची कागदपत्रं मागून घ्या.

कात टाकण्याचं तंत्र दोघांचं एकच. आधी खाणं सुटतं, मग एके दिवशी कोळी पाठीवर उताणा पडलेला दिसतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो मेलाच वाटतो. मेलेला कोळी सहसा पाय पोटाखाली आवळून बसलेला सापडतो. उताणा पडलेला जिवंत असतो, त्याला हात लावू नका. पेटीत खायला सोडलेला रातकिडा राहिला असेल तर तेवढा हलकेच काढून घ्या, तो मऊ अंगाला कुरतडतो. कात टाकल्यावर त्याचे विषदंत पांढरे दिसतात, मग तांबूस होतात. ते काळे कुळकुळीत होईपर्यंत खायला घालू नका.