बाबांची दुर्बीण, अकरा महिने आणि बॅटरीचं झाकण

गोल्फ खेळणाऱ्या माणसाला रेंजफाइंडर, म्हणजे खड्ड्यातल्या झेंड्यापर्यंतचं अंतर लेसरनं मोजणारी छोटी दुर्बीण, भेट देणार असाल, तर दुकानात आधी बॅटरीचं झाकण उघडायला सांगा. बाकीचं नंतर बघा. गेल्या अकरा महिन्यांत माझ्या अंधेरीच्या फेऱ्या, फोनवरची भांडणं, सगळं त्या नाण्याएवढ्या झाकणापायी झालं आहे. सहा पट मोठं दिसणं, स्लोप (चढ-उताराचा हिशेब), झेंडा पकडला की हातात थरथरणं, या गोष्टी आता बहुतेक सगळ्या रेंजफाइंडरमध्ये असतात, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. मला ते ११,४०० रुपयांना पडलं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण प्रकरण शेवटी मिटलं.

नोव्हेंबरमध्ये बाबांना सत्तर वर्षं पूर्ण झाली. नोकरीत असताना बदलीच्या गावी ते गोल्फ शिकले, मध्ये कित्येक वर्षं सुटलं आणि निवृत्तीनंतर पुन्हा सुरू झालं. मुंबईत हा खेळ खेळायचा म्हणजे आधी जागेचा प्रश्न. चेंबूरचं प्रेसिडेन्सी १९२७ पासूनचं, ताडदेवचं विलिंग्डन त्याहून जुनं, पण दोन्ही सभासदांची. बाबा खारघरला जातात, सिडकोच्या कोर्सवर, म्हणजे गोल्फच्या मैदानावर. तिथे सभासद नसलात तरी पैसे भरून खेळता येतं. आठवड्यातून दोनदा पहाटे चेंबूरहून निघतात, बरोबर तीन मित्र.

भेट काय द्यायची यावर घरात आधी बरीच खलबतं झाली. आमच्या दादानं एकदा ग्लोव्ह आणला होता, उजव्या हाताचा. उजव्या हातानं खेळणारा माणूस ग्लोव्ह डाव्या हातात घालतो, हे त्याला माहीत नव्हतं. तो ग्लोव्ह अजून कपाटात आहे. शिवाय चामड्याचा पातळ ग्लोव्ह मुंबईच्या घामात दोन-तीन महिन्यांत लाकडासारखा कडक होतो. महाग बॉलचा डबा दिला, तर बाबा तो जपून ठेवतात आणि तळ्यातून काढलेले जुने बॉल स्वस्तात घेऊन खेळतात. क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, ही दुसऱ्यानं निवडून आणायची वस्तूच नव्हे. लांबी, दांड्याचा कडकपणा, डोक्याचा कोन, सगळं खेळणाऱ्याच्या उंचीवर आणि स्विंगवर ठरतं. आणि बॅगेत चौदापेक्षा जास्त क्लब चालत नाहीत, बाबांचे चौदा भरलेले.

रेंजफाइंडर सुचला तो त्यांच्या डोळ्यांमुळे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून लांबचा झेंडा दिसायचा, पण तो किती लांब आहे याचा अंदाज चुकायचा. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्यांची बॅग वाहणाऱ्या कॅडीनं सांगितलं. मी एकदा त्यांना न्यायला गेले होते, तेव्हा तो बाजूला येऊन म्हणाला, "ताई, साहेब हल्ली मला सारखं अंतर विचारतात. आधी विचारायचे नाहीत."

मला स्वतःला गोल्फमधलं पहिल्यांदा काही कळलं ते ऑगस्ट २०२१ मध्ये. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली गोल्फपटू अदिती अशोक खेळत होती आणि बाबा पहाटेपासून टीव्हीसमोर. एका फटक्यानं तिचं पदक हुकलं, चौथी आली. बाबा मला समजावत होते की ही मुलगी इतरांइतकं लांब मारत नाही, पण अंतरं आणि पटिंग, म्हणजे चेंडू हळूच खड्ड्यात घालणं, बघ. त्या दिवसापासून "अंतर" हा शब्द माझ्या डोक्यात बसला होता.

वाढदिवसाला डबा उघडला, बाबा खूश झाले आणि पहिल्याच फेरीत गोंधळ झाला. यंत्र कंपनीतून मीटरवर लावून आलं होतं. गोल्फमध्ये आपल्याकडे सगळं यार्डात चालतं. बाबांनी झेंड्यावर धरलं, आकडा आला १३७. ते यार्ड समजून त्यांनी क्लब घेतला आणि चेंडू ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक गवताच्या, अलीकडच्या वाळूच्या खड्ड्यात. १३७ मीटर म्हणजे १५० यार्ड, तेरा यार्डांचा फरक. पहिल्या दिवशी संध्याकाळी फोनवर म्हणाले, "अगं, तुझी दुर्बीण बिघडलेली आहे." बटण दाबून ठेवलं की मीटरचे यार्ड होतात, एवढंच होतं. म्हणून सांगते, कागदात गुंडाळण्याआधी यार्ड लावून द्या.

डिसेंबर ते फेब्रुवारी हे तीन महिने मी या वस्तूवर अगदी फिदा होते. लेसर झेंड्यावर जाऊन परत येतो त्याला दीडशे यार्डांवर सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळ लागतो, आणि त्यावरून हे यंत्र अंतर काढतं. बाबांना त्याचं फार कौतुक. येईल त्याला सांगायचे. खारघरचा कोर्स डोंगरांच्या कुशीत आहे, त्यामुळे स्लोप उपयोगी पडतो. चढावर मारायचं असेल तर दिसणाऱ्या अंतरापेक्षा किती जास्त धरायचं, तो आकडा खाली येतो. स्पर्धेत मात्र तो बंद करावा लागतो. २०१९ पासूनच्या नियमांत अंतर मोजायला परवानगी आहे, चढ-उतार मोजायला नाही. बाबांच्या चौघांच्या सामन्यात फक्त चहा-नाश्त्याची पैज असते, तरी ते दर वेळी स्लोप बंद करून मित्रांना दाखवतात आणि मगच सुरू करतात.

कॅडी मात्र पहिले दोन आठवडे गप्प गप्प होता. अंतर सांगणं हे त्याचं काम. पंधरा वर्षांची नजर आहे त्याची. मग बाबांनीच एक रीत पाडली. आधी कॅडीनं आकडा सांगायचा, मग यंत्र धरायचं. बहुतेक वेळा चार-पाच यार्डांचाच फरक निघतो. झेंडा ग्रीनच्या कुठल्या कोपऱ्यात आहे, वारा कसा आहे, ग्रीनवर चेंडू कुठे वळेल, यातलं यंत्राला काहीच कळत नाही, ते अजून त्यालाच विचारावं लागतं. आता यंत्र त्याच्याच खांद्याला असतं.

एक खोट मला पहिल्यापासून खटकत होती. आतले आकडे काळे आहेत. सकाळी सव्वासहाला, मागे डोंगर आणि झाडं काळोखी, त्यात काळा आकडा. पहिल्या दोन होलवर बाबा यंत्र आधी आकाशाकडे करून आकडा वाचायचे. लाल आकड्यांची मॉडेल जास्त महाग होती, म्हणून मी हे घेतलं. पहाटे खेळणाऱ्यासाठी घेत असाल तर तिथे पैसे वाचवू नका. ही चूक माझी आहे.

आता झाकण.

मार्चमध्ये बॅटरी संपली. आत सीआर२ नावाची ३ व्होल्टची छोटी लिथियम बॅटरी असते. चेंबूर स्टेशनबाहेरच्या चार दुकानांत विचारलं, सगळ्यांनी रिमोटच्या बॅटऱ्या दाखवल्या. शेवटी फोर्टात बोरा बाजारच्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात मिळाली. काही इन्स्टंट कॅमेऱ्यांना हीच लागते. साडेतीनशे रुपये. मी दोन घेतल्या. बाबांनी कोर्सवरच, बाकावर बसून, रुपयाच्या नाण्यानं झाकण फिरवलं आणि बॅटरी बदलली. यंत्र सुरू झालं. विषय संपला असं आम्हाला वाटलं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात भिंगाच्या आत धुकं आलं. एसी गाडीतून बाहेर काढल्यावर काचेवर बाहेरून वाफ धरते, ती पाच मिनिटांत जाते. ही आतली होती, जातच नव्हती. शेजारच्या काकूंनी तांदळात ठेवायला सांगितलं. दोन दिवस ठेवलं, काही फरक नाही. बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या गोळा करून डब्यात बंद केलं, तर धुकं कमी झालं आणि मागे पांढरे डाग राहिले.

अंधेरीच्या सर्व्हिस सेंटरनं अर्ध्या मिनिटात निकाल दिला. पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही, दुरुस्ती ६,८०० रुपये. मी खोका सोबत नेला होता. त्यावर पावसात वापरण्याचं चित्र आणि आयपीएक्स४, म्हणजे वस्तू किती पाणी सोसेल याची खूण. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, फोर म्हणजे शिंतोडे." ते त्याचं बरोबर होतं. चार म्हणजे कुठूनही उडणारे शिंतोडे. पाण्यात १ मीटर खोल ३० मिनिटं टिकायला आयपीएक्स७ लागतं. पण आमचं यंत्र पाण्यात पडलंच नव्हतं. रिमझिम सुरू झाली की बाबा छत्रीखाली खेळतात, जोर वाढला की घरी येतात. मी पैसे भरायला नकार दिला, जॉबशीटवर "शिंतोड्यांखेरीज पाण्याशी संपर्क नाही" असं लिहून घेतलं आणि तणतणत परत आले. तेव्हाच हे लिहिलं असतं तर फार वेगळं लिहिलं असतं.

चार दिवसांनी कॅडीचा बाबांना फोन आला. बॅगेतला टींचा (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्यांचा) कप्पा साफ करताना त्याला एक काळी रबरी रिंग मिळाली होती, बांगडीच्या आकाराची पण बोटाच्या पेराएवढी. झाकणाचा वॉशर. मार्चमध्ये बॅटरी बदलताना झाकणाबरोबर तो निघाला आणि कप्प्यात पडला. म्हणजे तीन महिने यंत्र वॉशरशिवाय होतं आणि पहिल्या पावसातच हवेतला दमट ओलावा आत गेला. बाबांचा चेहरा पडला. दोन दिवस ते म्हणत होते, "माझ्या हातून झालं, तू पैसे भरून टाक."

मलाही वाटलं, भरावेत. मग मी माहितीपत्रक नीट वाचलं. बॅटरी बदलण्याच्या चित्रात झाकण आहे, नाणं आहे, बॅटरीची दिशा आहे. वॉशर कुठेच नाही. "घट्ट बंद करा" एवढंच. आणि झाकणावर वॉशर बसायला खाचच नाही, नुसता वरून चढवलेला. फिरवलं की तो सरकणारच. सत्तर वर्षांच्या माणसाला पहाटेच्या अंधुक उजेडात काळ्या झाकणावरची काळी रिंग दिसली नाही, ही त्याची चूक आहे असं मला आजही वाटत नाही.

मी १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवली. वॉशरची गोष्ट लपवली नाही, फोटो लावले, माहितीपत्रकाचं पानही लावलं. ऐकलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन असंही लिहिलं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही आणि आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. एकोणीस दिवसांनी कंपनीचा फोन आला. भिंग साफ करून, सील बदलून, फुकट देतो.

ऑगस्टअखेर यंत्र परत आलं तेव्हा मी काउंटरवरच झाकण उघडलं. झाकण नवीन होतं. वॉशरसाठी खोल खाच होती आणि वॉशर लाल रंगाचा. म्हणजे कंपनीला हे आधीपासून ठाऊक होतं आणि त्यांनी झाकण सुधारलं होतं. जुनी यंत्रं घेतलेल्यांना एक फोन करायला काय हरकत होती? राग त्यावरच आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

दुरुस्तीच्या काळात बाबा यंत्राशिवाय सहा आठवडे होते. कॅडीच्या आकड्यांवर खेळले आणि वहीतले स्कोअर काही वाईट नाहीत. मी विचारलं, मग हवंच कशाला? तर म्हणाले, "कॅडी अंतर सांगतो गं. पण दुर्बिणीतून मला झेंडा दिसतो. त्याचं कापड हललेलं दिसतं." त्यानंतर काळ्या आकड्यांचं, साडेतीनशेच्या बॅटरीचं मला एवढं वाटेनासं झालं.

त्यांच्या वहीप्रमाणे आतापर्यंत ५८ राउंड झाले, म्हणजे एका राउंडला १९७ रुपये, बॅटऱ्या धरल्या तर दोनशेच्या थोडं वर. घ्यायचं असेल तर घ्या, पण झाकणाला खाच बघून. दुसरी बॅटरी आणि जादा वॉशर बाबांच्या बॅगेत एका औषधाच्या रिकाम्या डबीत ठेवला आहे. कॅडीनं डबीवर मार्करनं "झाकण" लिहिलं आहे, आणि बॅटरी आता तोच बदलतो, टॉवेल अंथरून.